सदोमची सोसायटी कमिटी

सदोम आणि गमोरा ही बायबलमधली नावं बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असतात, देवाने वरून आग आणि गंधक ओतून ती गावं बेचिराख केली एवढंही माहीत असतं, आणि का केली असं विचारलं की लोक जरा आवाज खाली करून काहीतरी शरीरसंबंधांचं पाप वगैरे सांगतात. ज्यू परंपरेत मात्र सदोम बदनाम आहे ते भलत्याच कारणासाठी. यहेज्केल संदेष्ट्याने सोळाव्या अध्यायात सरळ यादीच दिलीय की बाबा, माज होता, पोटभर अन्न होतं, निवांतपणा होता आणि तरी गरिबाला हात दिला नाही. झालं, एवढाच गुन्हा!

नंतर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, यावर जे किस्से रचलेत ते तर कमाल आहेत. तालमुद म्हणजे कित्येक पिढ्यांच्या रब्बींचे वाद, कायदे, गोष्टी, टोमणे असं सगळं एकत्र असलेला अवाढव्य ग्रंथ (आता ऑनलाइन फुकट वाचता येतो, मी इंग्रजीतूनच वाचते), त्यातल्या सनहेद्रिन नावाच्या भागात सदोमचं वर्णन येतं. तिथे पाहुण्यांसाठी पलंग होता, पाहुणा लांब असला तर पाय कापायचे आणि बुटका असला तर ताणायचे. एका मुलीने पाण्याच्या भांड्यात लपवून एका गरिबाला भाकरी नेऊन दिली, गावाला कळलं, तर तिच्या अंगाला मध फासून तिला तटावर उभं केलं आणि मधमाश्यांनी तिचा जीव घेतला. पण मला सगळ्यात भयंकर वाटला तो नाण्यांचा किस्सा, ज्यात एक थेंब रक्त नाहीये. गावात भिकारी आला की प्रत्येक जण त्याला एक दिनार द्यायचा, नाण्यावर स्वतःचं नाव कोरलेलं. फक्त भाकरी त्याला कुणी विकायचं नाही. माणूस खिशात पैसे घेऊन उपाशी मरायचा आणि मग प्रत्येक जण येऊन आपापलं नावाचं नाणं परत घेऊन जायचा. म्हणजे बघा, दान केल्याची नोंद आहे, हिशोब चोख आहे, आणि एक दमडी खर्च झालेली नाही.

याच्याच जोडीला पिर्के अवोत म्हणून रब्बींच्या वचनांचं छोटं पुस्तक आहे त्यात एक ओळ आहे. जो म्हणतो माझं ते माझं आणि तुझं ते तुझं, तो मध्यम प्रतीचा माणूस. काही जण म्हणतात, ही सदोमची वृत्ती. मी हे वाचून जरा चमकलेच, कारण मुंबईत तर असा माणूस म्हणजे आदर्श शेजारी! कुणाच्या अध्यात ना मध्यात, मेंटेनन्स वेळेवर, दार बंद. आणि इथे काही रब्बी म्हणतायत की सदोमची सुरुवात इथूनच होते.

बरं, हे नुसतं प्रवचन नाहीये. यातून पुढे कायदा निघालाय. एखाद्या गोष्टीत दुसऱ्याचा फायदा आहे, तुमचं काडीचं नुकसान नाही, आणि तरी तुम्ही नुसत्या हट्टाने नाही म्हणताय, तर त्याला सदोमची वागणूक म्हणायचं आणि न्यायालय तुम्हाला तसं न वागण्याची सक्ती करू शकतं. आता नुकसान कशाला म्हणायचं, रिकाम्या जागेत कुणी न विचारता राहिला तर भाडं द्यायचं का, यावर पानंच्या पानं भांडण आहे, आणि मालकाच्या बाजूनेही तिथे भरपूर बोललंय. पण मूळ मुद्दा कुणी सोडत नाही, की फुकटचा आडमुठेपणा हा तुमचा खाजगी स्वभाव नाही, त्याची दाद मागता येते.

आता आमची सोसायटी. माझगावात जुनी चाळ पाडून टॉवर झाला त्यात आम्ही राहतो. खाली स्टिल्ट पार्किंग आहे, दुपारी अर्धं रिकामं असतं. यंदा पावसात डिलिव्हरीची मुलं तिथे पाच-दहा मिनिटं उभी राहायची, पाऊस जरा कमी झाला की निघायची. तर नोटीस लागली, डिलिव्हरी पार्टनर यांनी इमारतीच्या आवारात थांबू नये, आदेशावरून. ग्रुपवर कुणीतरी विचारलं की त्रास काय आहे नक्की, तर उत्तर आलं टाइल्स ओल्या होतात. पावसाळ्यात. पार्किंगच्या टाइल्स.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव गावावरून, शेवटी कर, शुद्ध कुलाबा जिल्ह्याची मराठी, त्यामुळे नवीन बिऱ्हाडं त्यांना सीकेपी समजतात आणि गणपतीची वर्गणी मागायला जातात, ते देतातही. चौकटीवरची मेझुझा (आत धर्मवचनं ठेवलेली छोटी डबी) बघून एका ताईंनी विचारलं होतं की ही कसली बेल आहे, वाजत का नाही. तर काका त्या दिवशी लिफ्टची वाट बघत ती नोटीस वाचत होते, चष्मा वर करून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "अगं, हे तर सदोम झालं." मला वाटलं त्यांना गोंधळ, घाण असं काही म्हणायचंय. तिथून हे सगळं वाचन सुरू झालं.

बेने इस्राएलांची स्वतःची गोष्ट माहीत असेल तर काका असं का म्हणाले ते कळतं. त्यांच्यात परंपरेने सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या वगैरे सगळं बुडालं. ही माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवायला लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हणायला सुरुवात केली. संपलं. गावाने त्यांना नाव दिलं, धंदा करू दिला आणि शनिवार त्यांचा त्यांना ठेवू दिला. काका म्हणतात, "नवगावला कमिटी नव्हती, म्हणून आम्ही वाचलो."

आता मूळ आज्ञा. परक्याला छळू नका, परक्यावर जुलूम करू नका, हे तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, इतक्यांदा येतं की तालमुदातच रब्बी एलिएझर मोजून सांगतात, 36 ठिकाणी, आणि काहींच्या मते 46. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर हे वाक्य आहे, ते सगळ्या जगाला पाठ आहे, पण त्याच अध्यायात पुढे परत एकदा वेगळं लिहिलंय, की तुमच्या देशात जो परका राहतो त्याच्यावरही स्वतःसारखं प्रेम कर. माझं मत असं की शेजारी म्हटल्यावर कुणीही परक्याला त्यात धरणार नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आणि कारण दरवेळी तेच, तुम्ही मिसर देशात (म्हणजे इजिप्तमध्ये, जिथे ज्यूंचे पूर्वज गुलाम होते) परके होता. निर्गम या पुस्तकात तर म्हटलंय की परक्याचं मन कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे दया करा, तुम्ही मोठे आहात, असं नाही म्हणत, तुम्हाला माहितीय असं म्हणतो. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी नाहीतर मी गोड गोड लिहितेय असं होईल, की रब्बींनी यातल्या बऱ्याच आज्ञा मुख्यतः ज्यू धर्मात नव्याने आलेल्या माणसाला लावल्या, वाटेवरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला नाही. पण दुसरीकडे तालमुद हेही सांगतं की ज्यू गरिबांबरोबर इतर धर्मांच्या गरिबांनाही पोसा, त्यांच्या आजाऱ्यांना भेटायला जा, त्यांच्या मृतांना मूठमाती द्या, गावात शांतता नांदावी म्हणून. हेतू थोडा व्यवहारी आहे, असू दे. मुंबईत व्यवहारी हेतूने का होईना पण कुणी आजाऱ्याला भेटायला आलं तर आपण चहा टाकतोच ना.

36 वेळा का सांगावं लागलं याचं उत्तर माझ्या मते आपल्या लोकलमध्ये आहे. ठाण्याला दारात लोंबकळत, एका पायाच्या अंगठ्यावर, आतल्यांना हात जोडत जी बाई चढते, तीच मुलुंड येईपर्यंत दोन पावलं आत सरकलेली असते आणि खालच्या बाईला ओरडत असते, जागा नाहीये, मागची पकडा. चार मिनिटं झालेली असतात फक्त.

आणि ज्यू लोकही याला अपवाद नाहीत, हे काकाच सांगतात, जरा चवीने. डेव्हिड ससून बगदादमधल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून पळाले आणि 1832 च्या सुमारास मुंबईत आले, त्यांच्यामागून आणखी बगदादी ज्यू आले. या शहरात त्यांना जागा मिळाली, पैसा मिळाला. आणि मग त्यांच्यातले अनेक जण इथल्या बेने इस्राएलांना, जे त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे होते, पूर्ण ज्यू मानायला तयार नव्हते, लग्नसंबंध नको, बरोबरीने वागवणं नको. पुढे बेने इस्राएली इस्रायलला गेले तिथेही तेच, लग्न लावताना तुमच्या पिढ्या तपासू म्हणाले, मग या लोकांनी आंदोलनं केली आणि 1964 मध्ये तिथल्या धर्मपीठाला मान्य करावं लागलं की हे सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे मिसर विसरायला वेळ लागत नाही कुणालाच. तरी ससूनांनी बांधलेल्या भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) आवारातल्या शाळांमध्ये आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत आणि ते सगळं व्यवस्थित चाललंय, हेही त्याच घराण्याच्या खात्यावर लिहायला हवं. आजच्या इस्रायलच्या राजकारणावर मी इथे लिहीत नाहीये, तो वेगळा आणि फार मोठा विषय आहे, पण इरिट्रिया आणि सुदानहून आलेल्या लोकांना बाहेर काढायचं घाटत होतं तेव्हा तिथल्याच लोकांनी, रब्बींनीसुद्धा, हीच मिसरची आठवण सरकारला करून दिली होती.

आपलं काय वेगळं आहे म्हणा. माझे आजोबा साताऱ्याकडून गिरणीत आले, एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, आणि शहरातली शिकलेली माणसं त्यांना घाटी म्हणायची. आजी हे सांगताना शेवटपर्यंत चिडायची. आणि आज आमच्याच नात्यातली मंडळी पूर्वेकडून आलेल्या पोरांबद्दल लग्नाच्या पंगतीत जे बोलतात ते मी इथे टाइप करणार नाही. रब्बी नातान म्हणतात, जो दोष तुझ्यात आहे तो दुसऱ्यावर काढू नकोस, आपल्याकडे म्हणतात आपण हसे लोकाला आन शेंबूड आपल्या नाकाला. आणि तालमुद त्याला एक म्हण जोडतं जी मला प्रचंड आवडली, ज्या घराण्यात कुणाला फाशी झालीय तिथे हा मासा जरा टांगून ठेव असंसुद्धा म्हणू नये. इतकं बारीक!

हा बारीकपणाच मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भावला खरं तर. आपल्याकडे माणुसकी म्हटलं की एकदम मोठ्या गोष्टी निघतात, पूर आला, लोकांनी घरं उघडली, मुंबई स्पिरिट. ते खरंच आहे, पण 26 जुलै रोज नसतो. तालमुदाच्या बावा मेत्सिया या भागात पैशाने फसवण्याचे नियम आहेत आणि लगेच पुढे शब्दाने दुखावण्याचे, आणि तिथे म्हटलंय की शब्दाचं जास्त वाईट, कारण पैसे परत देता येतात. उदाहरण काय दिलंय तर, घ्यायचं नसेल तर दुकानदाराला हे केवढ्याला असं विचारू नका. वाचून मी गप्पच बसले, दादरला रानडे रोडवर आपण सगळ्या दुसरं काय करतो. म्हणजे फिरायला जाऊ नका असं नाही, पण त्या माणसाने उन्हात उभं राहून आशेने चार साड्या उलगडल्या त्याची कुणीतरी नोंद घेतलीय आणि तीही मिश्नामध्ये, म्हणजे तालमुदाच्या सगळ्यात जुन्या भागात, साधारण अठराशे वर्षांपूर्वी. दुसरं उदाहरण, ज्याचे आईवडील धर्म बदलून आले त्याला तुझे पूर्वज काय होते ते आठव असं म्हणू नका.

तसंच योहानान बेन झक्काई. एवढा मोठा रब्बी, जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर ज्याने सगळी परंपरा सावरली, त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय की बाजारात कुणीही त्याला आधी नमस्कार करू शकला नाही, परधर्माचा माणूससुद्धा नाही, कारण हा आधीच करायचा. रव हुना म्हणून आणखी एक रब्बी, तो जेवायला बसायचा तेव्हा दार उघडून म्हणायचा, ज्याला गरज आहे त्याने यावं आणि जेवावं. त्याच तालमुदात एक रब्बी लगेच म्हणतो की बाकीचं सगळं मला जमेल, हे नाही जमणार, आमच्या गावात लोक फार आहेत. मला हा रब्बी एकदम मुंबईचा वाटला.

रव हुनाचं तेच आमंत्रण पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटका झाली त्या सणाच्या रात्री घराघरांत म्हटलं जातं. पेसाहची पोथी, म्हणजे हगादा, मुंबईत 1846 मध्ये हिब्रू आणि मराठीत छापली गेलीय, म्हणजे हे आमंत्रण या शहरात मराठीतूनही केव्हापासून आहे. काकांकडे एकदा गेले होते त्या रात्री, वाइनच्या जागी मनुका भिजवून केलेलं सरबत असतं त्यांच्यात. मिसरवर आलेली दहा संकटं मोजताना प्रत्येक नावाला पेल्यातला एकेक थेंब बाहेर टाकतात, कारण शत्रू मेला तरी आपला पेला भरलेला नको, असं त्याचं कारण सांगतात. तालमुदात तर देव देवदूतांनाच दटावतो, माझ्या हातची लेकरं समुद्रात बुडतायत आणि तुम्ही गाणी म्हणताय. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे तोरातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात एक आज्ञा आहे, मिसरी माणसाचा तिरस्कार करू नका, कारण त्याच्या देशात तुम्ही परके म्हणून राहिला होता. ज्याने गुलाम केलं, पोरं नदीत फेकली, त्याचा तिरस्कार नको, का तर सुरुवातीला दुष्काळात त्याने दारात घेतलं होतं. हे मला अजून पचलेलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "मला तरी कुठे पचलंय, म्हणून तर दरवर्षी वाचतो."

आता शेत. पीक कापताना शेताचा कोपरा कापायचा नाही, हातातून सांडलेली कणसं उचलायची नाहीत, एखादी पेंढी शेतात विसरली तर आणायला परत जायचं नाही, ते सगळं गरिबाचं, परक्याचं, अनाथाचं, विधवेचं. कोपरा केवढा याचं मूळ आज्ञेत माप नाही, रब्बींनी म्हटलं निदान साठावा हिस्सा तरी. रूथ अशीच मवाब देशातून आलेली परकी विधवा, बवाजच्या शेतात कणसं वेचायला येते, तो गड्यांना सांगतो की मुद्दाम थोडी पाडत जा आणि तिला बोलू नका, आणि पुढे तिच्याच वंशात दावीद राजा होतो. पण या कायद्यातली खरी मेख अशी आहे की हा वाटा कुणाला मिळावा हे शेतमालकाने ठरवायचं नाही. त्याने फक्त सोडायचं, घेणारे येऊन घेतील. आभार नाहीत, फोटो नाही, माझ्या ओळखीच्या मावशींना द्या असं नाही. सदोमच्या नाव कोरलेल्या नाण्याच्या बरोब्बर उलटं.

आणि मालकाने गरिबांसाठी दिवसातून तीनदा शेतात हजर राहायचं, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सुमाराला. तीनदा का? नंतरच्या भाष्यकारांनी सांगितलंय की सकाळी तान्ह्या बाळांच्या आयांसाठी, कारण तेव्हा बाळं झोपलेली असतात, दुपारी मुलांसाठी, आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांसाठी, ज्यांना चालत यायला वेळ लागतो. कोण कधी येऊ शकतं याचा कुणीतरी बसून विचार केलाय.

आमच्याकडेही वेळापत्रक आहे. घरकामाच्या बायकांनी सकाळी सात ते अकरा मेन लिफ्ट वापरायची नाही, सर्व्हिस लिफ्ट वापरायची, जी महिन्यातून निम्मे दिवस बंद असते, आणि सात ते अकरा हीच त्यांची यायची वेळ. आमच्याकडच्या मावशींचे गुडघे दुखतात, अकरावा मजला आहे. हा विषय आणि ती डिलिव्हरीवाल्यांची नोटीस असं दोन्ही मी येत्या वार्षिक सभेसाठी लेखी दिलंय, सेक्रेटरींनी ते आयत्या वेळच्या विषयांत टाकलंय, म्हणजे सगळे समोसे खाऊन उठायला लागतील तेव्हा. काका म्हणालेत की ते येऊन पहिल्या रांगेत बसणार, पण बोलायचं मीच.